कथास्पर्धेचा निकाल आणि मावशींचा प्रश्न

गणेशचतुर्थी जवळ आली की आपल्या बेटावरील प्रत्येक मराठी मंडळीत कामांची धांदल उडते. मखर सजवायचे, झाकरीची तालीम घ्यायची, प्रसादाची यादी करायची, विसर्जनासाठी बस ठरवायची. आमच्या गावच्या मंडळीत याच सुमारास आणखी एक काम असते, ते म्हणजे कथास्पर्धेच्या वह्या गोळा करण्याचे. या स्पर्धेत आमच्या हातून एकदा कशी चूक झाली आणि ती आम्ही कशी सुधारली, हे आज वाचकबंधुभगिनींपुढे मांडावे असे वाटते. गावोगावच्या मंडळींत निबंधाच्या, गाण्याच्या, नाटकाच्या स्पर्धा होत असतात. त्या भरवणाऱ्यांना यातून काही उपयोगाचे सापडेल.

आमची स्पर्धा थोडी वेगळी आहे. आपल्याला आवडलेल्या जुन्या कथेतील एखादे पात्र घ्यायचे आणि त्याची नवी कथा स्वतः लिहायची. इंग्रजीत अशा लेखनाला फॅन फिक्शन म्हणतात. आम्ही त्याला ‘रसिककथा’ म्हणतो. ज्यांना कोऱ्या कागदाची भीती वाटते त्यांना ओळखीच्या पात्राचा हात धरून लिहायला सोपे जाते, म्हणून हा प्रकार निवडला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवर बसून ल मॉर्नच्या पायथ्याशी येतो, चिं. वि. जोशींचे चिमणराव पोर्ट लुईसच्या बसमध्ये चुकीच्या थांब्यावर उतरतात, अशा कथा आमच्याकडे आल्या आहेत. भागवत आणि जोशी यांची पात्रे ही त्यांचीच निर्मिती. म्हणून प्रत्येक कथेवर मूळ लेखकाचे नाव लिहिणे बंधनकारक आहे आणि या कथा आम्ही विकत नाही.

कोणी म्हणेल, हे नवीनच खूळ आहे. पण आपले झाकरी म्हणणारे तरी काय करतात? पुराणातील कथा घेऊन ती आपल्या शब्दांत, आपल्या ठेक्यात बांधतात. वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’ (१९५९) आणि शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’ (१९६७) लिहिताना महाभारतातील माणसांना पुन्हा बोलते केले. थोरांच्या साहित्याशी आमच्या वह्यांची तुलना करण्याचा हेतू नाही. ओढ मात्र तीच आहे. तिकडे अमेरिकेत १९६६ साली ‘स्टार ट्रेक’ ही दूरदर्शनमालिका सुरू झाली आणि १९६७ मध्ये तिच्या चाहत्यांनी ‘स्पॉकनेलिया’ नावाचे छोटे नियतकालिक स्वतःच काढले. अशा चाहत्यांच्या कथांचा ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा प्रचंड संग्रह आज उभा आहे. २०१९ साली डब्लिन येथे त्याला विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्या वेळी पुरस्कार एका कथेला नव्हे, साऱ्या संग्रहाला दिला गेला.

आता आमच्या चुकीकडे वळते. स्पर्धेच्या पहिल्या वर्षी १९ कथा आल्या. परीक्षक तिघे होतो, त्यांत मी एक. प्रत्येकाने १०० पैकी गुण द्यायचे आणि बेरीज करायची, एवढाच नियम होता. निकाल लागला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. कार्यक्रम संपल्यावर एक मावशी माझ्याजवळ आल्या. आयुष्यभर उसाच्या शेतात राबलेल्या, साठी उलटल्यावर मंडळीच्या संध्याकाळच्या वर्गात देवनागरी शिकलेल्या. त्यांनी कर्णाला वाढवणाऱ्या राधेची कथा लिहिली होती. मुलगा मोठा होऊन राजवाड्यात जातो तेव्हा घरी मागे राहिलेल्या आईला काय वाटते, हा तिचा विषय. मावशींनी अगदी साधेपणाने विचारले, “बाई, माझ्या गोष्टीत काय कमी पडले ते सांगाल का? पुढच्या वेळी नीट लिहीन.”

मला सांगता आले नाही. माझ्याजवळ नुसता आकडा होता, कारण लिहून ठेवलेले नव्हते. घरी येऊन मी तिन्ही गुणपत्रके समोर ठेवली, तेव्हा एकेक गोष्ट उलगडत गेली. दोन परीक्षकांनी शुद्धलेखनाचे गुण कापले होते. नियमांत शुद्धलेखनाचा उल्लेखच नव्हता. पहिले बक्षीस मिळालेली कथा कार्यकारिणीतील एका सभासदाच्या पुतणीची होती. ती कथा वाईट नव्हती, पण वहीवर नाव स्पष्ट होते. आणि खरे सांगायचे तर एका वहीवरील अक्षर माझ्याच विद्यार्थ्याचे आहे हे मी ओळखले होते आणि तिला माझ्याकडून सढळ हाताने गुण गेले होते. कोणाच्या मनात पाप नव्हते. तरीही न्याय झाला नव्हता. दुसऱ्या वर्षी मावशींची वही आली नाही. त्यांच्याबरोबर वर्गाला येणाऱ्या आणखी दोघींनीही लिहिणे सोडले.

मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत शिक्षकप्रशिक्षण घेताना मी गुणदानाचा अभ्यास केला होता. स्टार्च आणि इलियट या अमेरिकन संशोधकांनी १९१२ साली एकच इंग्रजीची उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा गुणांत ३० हून अधिक फरक पडला. थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवले की माणसाचा एक गुण आपल्याला आवडला की त्याचे बाकीचे गुणही आपल्याला चांगले दिसू लागतात. हे सगळे मी परीक्षेपुरते पाठ केले आणि मंडळीच्या सभागृहात विसरले! शाळेत आपण काळजी घेतो. राष्ट्रीय परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचा क्रमांक असतो. मग मोठ्यांच्या लेखनाला ती काळजी का नको?

त्यानंतर आम्ही बसून नवे नियम केले. ते असे आहेत.

पहिली गोष्ट, नाव झाकणे. सगळ्या वह्या टपालखात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांकडे जातात. ते स्वतः लिहीत नाहीत आणि त्यांच्या घरातूनही कोणी स्पर्धेत नसते. ते प्रत्येक कथेला क्रमांक देतात आणि नावांची यादी बंद लखोट्यात ठेवतात. दोन तरुण मुले सर्व कथा टंकलिखित करतात, म्हणजे अक्षरावरूनही ओळख पटत नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सगळ्यांच्या सारख्याच सुधारल्या जातात. शब्द मात्र एकही बदलायचा नाही.

दुसरी गोष्ट, निकष आधी जाहीर करणे. मूळ पात्राशी इमान ३० गुण, नवी कल्पना ३०, कथेची बांधणी २० आणि भाषेतील जिवंतपणा २०. इमान म्हणजे काय, तेही समजावून लिहिले. फास्टर फेणे घाबरून घरी बसला तर तो फास्टर फेणे राहत नाही. का घाबरला हे लेखकाने पटवून दिले, तर तीच नवी कल्पना ठरते. चौदा वर्षांखालील मुलांचा गट वेगळा केला.

तिसरी गोष्ट, परीक्षकांची तालीम. खऱ्या कथा हाती देण्यापूर्वी एक जुनी कथा तिघांनी वेगवेगळी तपासायची आणि गुण समोरासमोर ठेवायचे. आमच्या पहिल्या तालमीत एकाच कथेला ४५, ६२ आणि ८१ गुण पडले! कारण विचारता कळले की कथेतील आजी दुकानाला ‘लाबुतिक’ म्हणते, म्हणून एका परीक्षकाने गुण कापले होते. त्यावर बराच वाद झाला. शेवटी ठरले की आपल्या घरात आजी जशी बोलते तशी ती कथेत बोलली तर तो दोष नव्हे, क्रिओल शब्द पात्राच्या तोंडी शोभत असेल तर चालेल. हा वाद तालमीत झाला म्हणून निभावले. निकालाच्या दिवशी झाला असता तर भांडण झाले असते.

चौथी गोष्ट, बेरजेची फसवणूक. हे थोडे हिशेबाचे आहे, पण समजून घेण्यासारखे आहे. समजा, एका कथेला तिघांनी ७२, ७० आणि ४८ गुण दिले, एकूण १९०. दुसरीला ६६, ६५ आणि ८८ दिले, एकूण २१९. तिघांपैकी दोघांना पहिली कथा सरस वाटली, तरी बक्षीस दुसरीला गेले. कारण तिसरा परीक्षक गुणांची झेप मोठी घेतो. जो हात सैल सोडतो त्याचेच मत चालते आणि जपून गुण देणाऱ्याचे मत वाया जाते. म्हणून आम्ही गुणांचा उपयोग फक्त शेवटच्या पाच कथा निवडण्यासाठी करतो. त्या पाचांना प्रत्येक परीक्षक पहिला, दुसरा, तिसरा असा अनुक्रम देतो आणि अनुक्रमांची बेरीज ज्या कथेची सर्वांत कमी, ती पहिली. बरोबरी झाली तर ‘नवी कल्पना’ या निकषाचे गुण पाहायचे, हेही आधीच ठरलेले आहे. कथा वाचण्याचा क्रमही प्रत्येकाचा वेगळा असतो आणि एका बैठकीत सहापेक्षा अधिक वाचायच्या नाहीत. थकलेल्या डोळ्यांना शेवटची कथा नेहमी लांबच वाटते.

पाचवी गोष्ट, नातेवाईक. आपल्या छोट्या बेटावर कोण कोणाचे नाही? म्हणून शेजारच्या गावच्या मंडळीशी आम्ही अदलाबदल केली. त्यांच्या कथा आम्ही तपासतो, आमच्या ते. तरीही एखाद्याने कथा ओळखलीच, तर त्याने तसे सांगून बाजूला व्हायचे. त्याच्या जागी राखीव परीक्षक ती सर्व कामे करतो. बाजूला होण्यात कमीपणा नाही, हे आम्ही सभेत मुद्दाम बोलून दाखवले.

मोठमोठ्या पुरस्कारांनाही हे धडे ठेचा खाऊनच शिकावे लागले आहेत. ह्यूगो पुरस्कार वाचकांच्या मतांवर दिला जातो. २०१५ साली काही गटांनी आधी याद्या ठरवून एकगठ्ठा नामांकने भरली. चिडलेल्या मतदारांनी पाच विभागांत ‘पुरस्कार कोणालाच नको’ असे मत दिले. पुढे नामांकनाची मोजणी बदलली. २०१७ पासून एखाद्या गटाची एकगठ्ठा यादी इतरांना भारी पडणार नाही अशी पद्धत आली. २०२३ साली चीनमधील चेंगदू येथील पुरस्कारांत आर. एफ. कुआंग यांच्या ‘बॅबेल’ या कादंबरीसह काही लेखन अपात्र ठरवले गेले. हे २०२४ च्या जानेवारीत आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा जगाला कळले, आणि कारण दिलेले नव्हते. लोकांना खरा राग आला तो कारण न दिल्याचा.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. प्रेक्षकांच्या मतांचे बक्षीस वेगळे ठेवले, नाहीतर ज्याचे कुटुंब मोठे त्याचाच विजय. मत देणाऱ्याने किमान तीन कथा वाचून त्या तिन्हींना अनुक्रम द्यायचा. आणि कथा नाकारायची असेल तर कोणत्या नियमाने, ते लेखकाला लेखी कळवायचे. त्याला उत्तर द्यायला आठ दिवस मिळतात. हल्ली यंत्राकडून कथा लिहून घेण्याची शंकाही येते. म्हणून शेवटच्या पाचांशी लखोटा उघडल्यावर काका पाच मिनिटे बोलतात, हे पात्र का घेतले, हा शेवट कसा सुचला. ज्याने लिहिले तो बोलायला लागला की थांबत नाही!

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र मावशींच्या प्रश्नातून आला. प्रत्येक कथेला, बक्षीस मिळो वा न मिळो, प्रत्येक परीक्षकाने दोन वाक्ये लिहायची. एक, काय भावले. दुसरे, पुढच्या वेळी काय करून पाहावे. याला वेळ लागतो. परीक्षक कुरकुर करतात. पण दोन वाक्ये लिहायची म्हटली की कथा खरोखर वाचावी लागते.

हे नियम झाल्यावर मी मावशींच्या घरी गेले. त्यांची माफी मागितली आणि त्यांची जुनी वही मागून घेतली. तिच्यावर जे पहिल्याच वर्षी लिहायला हवे होते ते लिहून दिले. त्या वर्षी त्यांनी पुन्हा कथा दिली. लखोटा उघडेपर्यंत कोणती ते मला माहीत नव्हते. ती शेवटच्या पाचांत आली, बक्षीस मात्र मिळाले नाही. शेरे हातात घेऊन मावशी माझ्याकडे आल्या आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “बाई, हे मला पटले नाही. राधा तिथे रडणारच नाही.” मग आम्ही दोघी अर्धा तास राधेवर भांडत बसलो.

यंदाही चतुर्थीच्या आधी महिनाभर वह्या घेतल्या जातील. आपल्या गावी अशी स्पर्धा असेल तर भरवणाऱ्यांना एवढेच सांगणे, की ढाल आणि हार आणण्याआधी नियमांचा कागद लिहून भिंतीवर लावा. हरणाऱ्यांची संख्या जिंकणाऱ्यांपेक्षा नेहमीच मोठी असते, आणि पुढच्या वर्षी आपली मराठी कोण लिहिणार, ते त्यांच्यावरच अवलंबून असते.