आरंभिक रॅम-प्रतिमा

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा संगणक सुरू होताना स्मृतीत काही क्षणांपुरती उलगडली जाणारी, आवश्यक फाइलींची संपीडित जुडी. प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि चकतीवरील मूळ फाइल-व्यवस्था यांची गाठ घालून देणे हे तिचे कार्य होय.

आवश्यकता : चकती वाचण्यासाठी तिच्या नियंत्रकाचे व तिच्यावरील फाइल-मांडणीचे ड्रायव्हर कर्नलला लागतात. यंत्रसामग्रीचे प्रकार असंख्य असल्याने सर्व ड्रायव्हर कर्नलमध्येच अंतर्भूत केल्यास तो अवाढव्य होईल. म्हणून बहुतेक ड्रायव्हर सुट्या मॉड्यूलांच्या रूपाने चकतीवर ठेवतात. परंतु चकती वाचता आल्याशिवाय ती मॉड्यूले हाती येत नाहीत. कपाटाची किल्ली कपाटातच राहावी, तसा हा पेच आहे. चकती कूटबद्ध असल्यास किंवा अनेक चकत्या एकत्र जोडलेल्या असल्यास तो अधिक बिकट होतो.

कार्यपद्धती : ग्रबसारखा प्रारंभक कार्यक्रम कर्नल व प्रतिमा ही दोन्ही स्मृतीत आणून ठेवतो. यासाठी त्याला सामान्यतः यंत्रातील फर्मवेअरचे साहाय्य मिळते. त्यामुळे कर्नलच्या ड्रायव्हरांवाचून त्याचे अडत नाही. कर्नल ही जुडी उलगडून तीतील ‘इनिट’ हा कार्यक्रम चालवितो. तो आवश्यक मॉड्यूले भरतो, चकती शोधतो, प्रसंगी सांकेतिक शब्द विचारतो आणि मूळ फाइल-व्यवस्था जोडतो. नंतर तात्पुरत्या फाइली पुसून स्मृती मोकळी केली जाते व चकतीवरील इनिटकडे सूत्रे सोपविली जातात.

इतिहास : १९९६ मध्ये ‘इनिटआरडी’ ही पद्धत आली. तीत स्मृतीचा ठराविक भाग चकतीप्रमाणे वापरला जाई. मात्र तिच्यावरील फाइल-मांडणीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीच असावा लागे. डिसेंबर २००३ मध्ये प्रसृत झालेल्या २.६ या कर्नलमध्ये ‘इनिटरॅमएफएस’ ही सुटसुटीत पद्धत उपलब्ध झाली. तीत ‘सीपीआयओ’ या युनिक्समधील जुन्या मांडणीची जुडी वापरतात.

उपयोग व दक्षता : पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. डेबियनमध्ये नवा कर्नल बसविताना ही प्रतिमा त्याच संगणकावर तयार केली जाते. तीत आवश्यक ड्रायव्हर राहून गेल्यास चकती व तीवरील माहिती सुस्थितीत असूनही संगणक सुरू होत नाही. अशा वेळी जुना कर्नल व त्याची प्रतिमा निवडून काम भागविता येते. म्हणून नवी जोडी यशस्वीपणे चालेपर्यंत जुनी राखून ठेवणे हितावह ठरते.