विद्यापीठाची विद्या सागरापार

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांत आपल्या रत्नागिरीची माणसेही होती. त्याच मॉरिशसने १९८९ साली कायदा करून आयुर्वेदाला मान्यता दिली. कायद्याने दार उघडते. परंतु आत बसून नाडी पाहणारा वैद्य घडवावा लागतो. येथेच विद्यापीठाचे कार्य सुरू होते.

केवळ आयुर्वेदासाठी १९६७ साली स्थापन झालेल्या जामनगरच्या गुजरात आयुर्वेद विद्यापीठात अनेक देशांचे विद्यार्थी शिकून गेले. भारत सरकारच्या शिष्यवृत्त्यांमुळे शेजारी देशांतील तरुणांनाही येथे आयुर्वेदाची पदवी घेता येते. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने आयुर्वेदशिक्षणाचे किमान निकष प्रसिद्ध केले. एप्रिल २०२२ मध्ये पारंपरिक वैद्यकाच्या जागतिक केंद्राची कोनशिला जामनगर येथेच बसविण्यात आली. त्या समारंभास मॉरिशसचे तत्कालीन पंतप्रधान उपस्थित होते.

मात्र ज्ञानदान म्हणजे गुरूने एकतर्फी देणे नव्हे. श्रीलंकेने आयुर्वेदाचा स्वतंत्र कायदा १९६१ सालीच केला; आपला केंद्रीय परिषदेचा कायदा त्यानंतर नऊ वर्षांनी, १९७० साली आला. विकसनशील म्हणविणाऱ्या देशांकडून आपणही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

या देवघेवीत सर्वांत अवघड विषय आहे तो द्रव्यपरिचयाचा. आयुर्वेदीय औषधिकोशात ब्राह्मी म्हणजे बॅकोपा, तर मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला. आपल्याकडे पाणथळ जागी उगवणाऱ्या करिवण्यालाच, म्हणजे मंडूकपर्णीलाच, अनेक घरांत ब्राह्मी म्हणतात. अशोकाच्या सालीऐवजी आसुपालवाची साल बाजारात येते, हे औषधालयचालकांस सांगावयास नको. परदेशी विद्यार्थी श्लोक मुखोद्गत करील. पण खरी वनस्पती हाती घेऊन पाहिल्याविना मायदेशी परतला, तर त्याच्या हातून होणाऱ्या चुकीचा बोल शास्त्राला लागेल.

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. मादागास्करमधील मंडूकपर्णी युरोपातील औषधनिर्मात्यांकडे जाते. सह्याद्रीतील नरक्या कर्करोगावरील औषधांच्या कच्च्या मालासाठी इतका तोडला गेला की तो दुर्मिळ झाला. माल गेला, विद्या मात्र ज्याच्या रानातून माल गेला त्याच्यापाशी आली नाही. द्रव्याची ओळख, लागवड, शोधन आणि परीक्षण या चारही गोष्टी त्या त्या देशातील माणसाला शिकविणे, हाच यावरचा शाश्वत उपाय होय.

यात आपला वाटा काय? दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे आणि नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून कार्यरत आहे. एकाकडे लागवडीचे शास्त्र, दुसऱ्याकडे चिकित्सेचे अध्यापन. आणि रानातली ओळख आपल्यापाशी. या तिहींनी मिळून परदेशी विद्यार्थ्यांसाठी एका पावसाळ्याचा क्षेत्राभ्यास आखला, तर त्यांस पुस्तकात न मिळणारे शिक्षण मिळेल.

तोवर एक साधी गोष्ट आपल्या हाती आहे. प्रत्येक औषधालयाने खरेदी केलेल्या द्रव्याचा वाळविलेला नमुना स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, गाव आणि तारखेसह जपून ठेवावा. उद्या कोणी दूरदेशीचा विद्यार्थी दारात येऊन विचारील, ‘यातली ब्राह्मी कोणती?’ तेव्हा उत्तर देताना आपला हात अडखळू नये.