रीमास्टर आला म्हणून मूळ गेम बाद होत नाही

जुना व्हिडिओ गेम कोणता घ्यावा, असे विचारायचा अवकाश, एक सल्ला हमखास मिळतो: ‘त्याचा रीमास्टर आलाय ना, मग तोच घे. जुना घेऊन काय करायचंय?’ हा सल्ला इतक्या जणांकडून, इतक्या सहजपणे आणि इतक्या वेळा दिला जातो की तो तपासून पाहावा असे कुणाला वाटतच नाही. त्यामागे एक समजूत आहे. रीमास्टर म्हणजे मूळ गेमच, फक्त धुऊनपुसून, इस्त्री करून दिलेला. आतले सगळे जसेच्या तसे आणि वर चित्रे अधिक स्वच्छ. ही समजूत चुकीची आहे, आणि ती निरुपद्रवीही नाही. तिच्यामुळे माणसे पैसे घालवून मूळ गेमपेक्षा कमी दर्जाची वस्तू घेतात, तीच खेळतात आणि ‘एवढं काय होतं या गेममध्ये?’ असे म्हणून एका चांगल्या कलाकृतीवर कायमची फुली मारतात. रीमास्टर बहुतेक वेळा वेगळ्या माणसांनी, वेगळ्या काळात, हाती लागलेल्या सामग्रीतून केलेले नवे काम असते. आपल्याकडे मंदिरांचे जीर्णोद्धार होतात, तसेच हे आहे. काही ठिकाणी ढासळलेला दगड जागच्या जागी बसवला जातो, काही ठिकाणी कोरीव खांबांवर ऑइलपेंट फासला जातो. नाव दोन्हीला एकच.

पहिला प्रश्न सामग्रीचा. गेम म्हणजे आपल्याला विकत मिळते ती डिस्क नव्हे. ती शिजलेली भाजी झाली. ज्यातून ती शिजली तो सोर्स कोड, मूळ चित्रे, मूळ ध्वनिफिती कंपनीकडे जपलेल्या असतील तरच नव्या चमूला पुन्हा नीट काम करता येते. १९९० आणि २००० च्या दशकांत ही जपणूक फार ढिसाळ होती. कोनामीच्या ‘सायलेंट हिल २’ (२००१) आणि ‘सायलेंट हिल ३’ (२००३) यांची एचडी आवृत्ती २०१२ मध्ये आली, तेव्हा तिच्या निर्मात्यानेच मुलाखतीत सांगितले की कंपनीच्या संग्रहातून मिळालेला कोड विक्रीला गेलेल्या अंतिम आवृत्तीचा नव्हता. म्हणजे मूळ चमूने शेवटच्या टप्प्यात काढून टाकलेले दोष नव्या चमूसमोर पुन्हा उभे राहिले. त्यात भर म्हणून धुके विरळ झाले. ‘सायलेंट हिल’मध्ये धुके हीच भीती आहे, चार पावलांपुढे काय आहे ते दिसत नाही, म्हणून पाऊल जड होते. एचडी आवृत्तीत काही ठिकाणी पाण्याचा पृष्ठभाग जिथे संपतो ती कडाच उघडी पडली. चित्र अधिक स्पष्ट झाले आणि गेम मेला. याच्या उलट उदाहरण जॉर्डन मेक्नर यांच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चे (१९८९). त्याच्या मूळ अ‍ॅपल टू आवृत्तीचा सोर्स कोड असलेल्या फ्लॉपी २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना एका खोक्यात सापडल्या आणि मेक्नर यांनी तो कोड सर्वांसाठी खुला केला. इतक्या नावाजलेल्या गेमचा कोडही टिकला तो खोक्याच्या भरवशावर. बाकीच्यांचे काय झाले असेल याचा अंदाज करता येतो.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातल्या वाचकाला जवळचे वाटेल, कारण सायबर कॅफेंत आणि घरच्या संगणकांवर इथली एक अख्खी पिढी ‘व्हाइस सिटी’ खेळली. ‘जीटीए ३’ (२००१), ‘व्हाइस सिटी’ (२००२) आणि ‘सॅन अँड्रियास’ (२००४) यांची एकत्र ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. ‘डेफिनिटिव्ह’ म्हणजे यापुढे हीच प्रमाण. ती येण्याच्या महिनाभर आधी जुन्या आवृत्त्या डिजिटल दुकानांतून काढूनही घेतल्या गेल्या. नवी आवृत्ती पाहणाऱ्यांना पाऊस पांढऱ्या दोऱ्यांच्या पडद्यासारखा दिसला, त्यातून रस्ता दिसेना. दुकानांच्या पाट्या संगणकाकडून आपोआप मोठ्या करून घेतल्याने काही पाट्यांवरची अक्षरे बदलली. एका डोनटच्या दुकानावर बोल्टला बसतो तसा सहा कोनांचा भलामोठा नट होता, कारण दुकानाच्या नावातच तो श्लेष होता. नव्या आवृत्तीत कडा गुळगुळीत करण्याच्या नादात तो गोल झाला आणि श्लेषही गेला. ज्याने ही कडा घासली त्याला ती कडा का होती हे कळले नव्हते, इतकेच यातून सिद्ध होते. पण इतके पुरेसे आहे. ‘सॅन अँड्रियास’चे तर मूळच हलले. प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी अवघी ३२ एमबी. दूरचे दृश्य त्यात मावत नव्हते, म्हणून मूळ कलाकारांनी ते धुरकट हवेत विरवले, आणि त्या धुरकटपणामुळे तीन शहरे एकमेकांपासून कोसो दूर वाटत. धुरकटपणा काढल्यावर डोंगरावर उभे राहिले की सगळा प्रदेश हाकेच्या अंतरावर दिसू लागला. कंपनीने त्याच महिन्यात माफी मागितली आणि पीसीवरच्या जुन्या आवृत्त्या परत आणण्याचे जाहीर केले.

यावर पहिला आक्षेप येतो तो दुरुस्त्यांचा: ‘आता पॅच आलेत, सगळं ठीक झालंय.’ पुष्कळ ठीक झाले, हे खरे. नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये मूळच्या धर्तीची प्रकाशयोजना निवडण्याची सोय आली. पण या दुरुस्तीची दिशा पाहा: नवी आवृत्ती जितकी मूळ आवृत्तीच्या जवळ गेली, तितकी ती सुधारली असे लोकांनी मानले. मूळ गेम बाद झाला असता तर मोजमापाला तो का लागला असता? दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे: ‘हे सगळं स्मरणरंजन आहे, लहानपणी खेळलात म्हणून जुनं गोड लागतं.’ पण वर सांगितलेल्या एकाही गोष्टीला आठवणीचा आधार लागत नाही. धुके असण्या-नसण्याचा परिणाम पहिल्यांदा खेळणाऱ्यावरही होतोच. ‘सॉनिक द हेजहॉग’चे (१९९१) धबधबे पाहा. ते उभ्या रेघारेघांनी काढलेले आहेत, एक रेघ रंगाची, एक मोकळी. त्या काळच्या काचेच्या टीव्हीवर आणि त्याच्या एकाच पिवळ्या पिनेच्या केबलमधून या रेघा एकमेकींत मिसळत आणि पाणी पारदर्शक दिसे. आजच्या लख्ख पडद्यावर तीच चित्रे काटेकोर दाखवली की पाण्याच्या जागी कंगवा दिसतो. ज्याने सॉनिक कधीच पाहिला नाही, त्यालाही कंगवा कंगवाच दिसेल.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे: जुने गेम नव्या विंडोजवर बंद पडतात, पडद्यावर ताणले जातात, कंट्रोलर ओळखत नाहीत. मात्र त्यावर रीमास्टर हाच एक उपाय नाही. डॉसबॉक्स आणि स्कमव्हीएम यांसारखी मोफत साधने जुन्या गेमला आतून हात न लावता नव्या यंत्रावर चालवतात. ‘ब्लेड रनर’ (१९९७) या गेमचा सोर्स कोड हरवला होता. स्वयंसेवकांनी अनेक वर्षे खपून त्याला स्कमव्हीएमवर आणले आणि २०१९ मध्ये तो जीओजी या दुकानात त्याच रूपात विक्रीला आला. २०२२ मध्ये त्याची ‘एनहान्स्ड एडिशन’ निघाली, तेव्हा जुनी आवृत्ती वेगळी मिळणे बंद झाले. नव्या आवृत्तीवर इतकी टीका झाली की जुनी पुन्हा विक्रीला ठेवावी लागली. ‘सायलेंट हिल २’च्या जुन्या पीसी आवृत्तीवरही चाहत्यांनी मोफत दुरुस्त्यांचा असा संच बांधला आहे की पुष्कळ जण २०१२ च्या अधिकृत आवृत्तीऐवजी तोच सुचवतात.

मग रीमास्टर घ्यायचेच नाहीत का? तसे मुळीच नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) आज घ्यायचा तर २०१९ ची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’च घ्यावी. तिथे मूळ खेळाचा गाभा शाबूत आहे, शेते आपोआप पुन्हा पेरली जातात, आणि २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ने भारतीय उपखंडाला एका ‘इंडियन्स’ नावाखाली कोंबण्याऐवजी बंगाली, द्रविड, गुर्जर आणि हिंदुस्तानी असे वेगळे स्थान दिले. ‘क्वेक’ची (१९९६) २०२१ ची आवृत्ती तर पीसीवर मूळ गेम घेतलेल्यांना फुकट मिळाली. ‘स्टारक्राफ्ट’च्या (१९९८) २०१७ च्या रीमास्टरमध्ये एफ५ हे एकच बटण दाबले की नवे चित्र जाऊन जुने येते, पुन्हा दाबले की नवे. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे तो मूळ काम शेजारी उभे करायला कचरत नाही. खरेदीआधी तीन गोष्टी पाहाव्यात, त्या याच अनुभवातून निघतात: नव्या चमूला मूळ सामग्री मिळाली होती का, जुने रूप त्याच गेममध्ये पाहता येते का, आणि जुनी आवृत्ती अजून विक्रीत आहे की नव्या आवृत्तीसाठी जागा करून देण्यासाठी हटवली गेली. तिसऱ्याचे उत्तर ‘हटवली’ असेल, तर खेळून दाखवणारे व्हिडिओ दोन्ही आवृत्त्यांचे शेजारी लावून दहा मिनिटे पाहावेत. परीक्षणातल्या गुणांपेक्षा ती दहा मिनिटे जास्त सांगतात.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘जुना गेम आहे, म्हणजे फुकट उतरवून घेणे कायदेशीर.’ नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम हे साहित्यकृतीत मोडतात आणि संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालते. ‘कंपनीने वाऱ्यावर सोडलेला गेम’ असा वर्ग कायद्यात नाही.

‘जुने सगळे कुठे ना कुठे विकत मिळतेच.’ व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के अधिकृत बाजारात उपलब्ध नव्हते.

‘महाग आहे म्हणजे चांगला असणार.’ किंमत दुर्मीळतेची असते. निन्टेन्डोवरचा ‘स्टेडियम इव्हेंट्स’ (१९८७) संग्राहक प्रचंड रक्कम देऊन घेतात. तोच गेम ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ या नावाने क्षुल्लक किमतीत मिळतो.

‘कॅसेट फुंकली की चालते.’ चालते ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात, म्हणून फुंकू नका असे निन्टेन्डोच सांगते.

‘डिजिटल विकत घेतला म्हणजे आपला झाला.’ बहुतेक ठिकाणी आपण परवाना घेतो. निन्टेन्डो ३डीएस आणि वी यू यांच्या ऑनलाइन दुकानांतली विक्री मार्च २०२३ मध्ये बंद झाली. २००८ च्या ‘जीटीए ४’मधली बरीच गाणी परवान्यांची मुदत संपल्यामुळे २०१८ च्या एका अपडेटने विकत घेतलेल्या प्रतींतूनही गेली.

हा शेवटचा मुद्दा मुख्य गैरसमजाशी येऊन मिळतो. जुना गेम हा नव्याचा कच्चा मसुदा आहे असे सगळ्यांनी धरून चालले, तर तो दुकानातून काढताना कंपनीला कुणी अडवणार नाही. जीटीएच्या जुन्या आवृत्त्या आणि १९९७ चा ‘ब्लेड रनर’ यांच्या बाबतीत लोकांनी हरकत घेतली आणि कंपन्यांना पाऊल मागे घ्यावे लागले. म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘रीमास्टर आलाय ना’ म्हणाले, तर आधी विचारावे: तो कुणी केला, कशावरून केला आणि मूळ गेम कुठे ठेवला?