शिशाच्या गोळीचा अंगरखा

फोंड्याच्या किल्ल्याचे नाव निघाले की आपल्या जुन्या घरांतून 1683 सालची गोष्ट हटकून सांगितली जाते. गोव्याचा व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर याने वेढा घातला, तटाला खिंडार पाडले, आणि संभाजीराजे जातीने येऊन पोहोचताच त्यास माघार घ्यावी लागली. हे वाचकांस ठाऊकच आहे. मला सांगायचे आहे ते त्या काळच्या बंदुकीच्या गोळीविषयी.

गोव्यात पिकांच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगण्याची रीत जुनी आहे. मध्यंतरी फोंड्याला एका बागाइतदारांनी मला विचारले, "भाऊ, शिशाची गोळी उघडी बरी, की हल्ली वर लेप देतात ती?"

प्रश्न वाटतो तितका नवा नव्हे. तोड्याच्या किंवा ठासणीच्या बंदुकीची नळी आतून सपाट. गोळी तिच्याहून किंचित लहान. म्हणून ती तेलकट चिंधीत गुंडाळून गजाने ठासण्याची पद्धत पडली. चिंधी हाच गोळीचा पहिला अंगरखा! पुढे नळीला आतून आटे आले. शिसे मऊ, ते आट्यांना घासून चिकटू लागले आणि नेम बिघडू लागला. एन्फिल्ड रायफलीच्या गोळीभोवती इंग्रजांनी चरबी लावलेला कागद दिला तो काहीसा याचसाठी. त्या चरबीने 1857 साली काय आगडोंब उसळला ते निराळे सांगायला नको.

धूर न करणारी जोरकस दारू आली तेव्हा कागदही पुरेना. स्वित्झर्लंडच्या रुबिन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 1882 च्या सुमारास गोळीला तांब्याचे कवच चढवले. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात मात्र त्या कवचाचे टोक उघडे ठेवण्यात आले. अंगात शिरताच शिसे फुलून भयंकर जखम होई. अशा गोळ्यांना 1899 च्या हेगच्या जाहीरनाम्याने मनाई केली. गोळीने किती वस्त्र ल्यावे, याचा निवाडा राष्ट्रांच्या परिषदेत व्हावा, ही गंमतच म्हणायची.

हल्लीचा लेप भट्टीत भाजून बसवलेल्या रंगीत प्लॅस्टिकसारखा असतो. आट्यांच्या नळीत तो उपयोगी पडतो. शिसे कमी चिकटते, बार उडताना शिशाची वाफही कमी उठते. ठासणीच्या सपाट नळीला मात्र त्याची गरज नाही, चिंधी पुरे, असे माझे मत मी त्यांना सांगितले.

पण खरी काळजी पुढेच आहे. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे घरच्या चुलीवरदेखील. गोळी ओतून झाल्यावर मग लेप. तेव्हा ओतणाऱ्याच्या छातीत जाणारी धूळ व वाफ लेपाने टळत नाही. लहान मुलांच्या मेंदूला तर थोडे शिसेही बाधते. मेलेल्या जनावरात राहिलेले शिशाचे कण खाऊन गिधाडेही मरतात; कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या 2019 पासून बंद आहेत, त्या याचमुळे. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनीसुद्धा स्वयंपाकघराच्या आसपास शिसे वितळवू नये, आणि त्या हातांनी पानावर बसू नये.