मोटार जोडण्यापूर्वी प्रवाह मोजावा

जमिनीतील ओलावा पाहून १२ व्होल्टचा लहान पंप आपोआप सुरू करणारे साधन रोपवाटिकेत फार उपयुक्त ठरते. हौशी तरुण ते घरीही जुळवू शकतात. परंतु जोडणी चुकल्यास ऐन चैत्रात पंप बंद पडतो आणि कोवळी रोपे एका दुपारी माना टाकतात. म्हणून विद्युतप्रवाहाची मर्यादा आधी समजून घेणे अगत्याचे होय.

पाटकरी केवळ दार उचलतो. शेताला लागणारे पाणी कालव्यातून येते. मायक्रोकंट्रोलरचे काम या पाटकऱ्याचे आहे. आर्डुइनो उनो या प्रचलित बोर्डाच्या एका पिनमधून ४० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह कदापि जाऊ देऊ नये; नित्य वापरात तो २० मिलिअँपिअरच्या आत असणे इष्ट. १ अँपिअर घेणाऱ्या मोटारीस याच्या ५० पट प्रवाह लागतो. सबब मोटार पिनला थेट न जोडता मध्ये मोटर ड्रायव्हर बसवावा. त्याला इशारा देण्यास अत्यल्प प्रवाह पुरतो. मोटारीचा प्रवाह बॅटरीतून ड्रायव्हरमार्गे जातो.

तथापि दारालाही मर्यादा असते. एल-२९८ या ड्रायव्हरच्या एका शाखेची सततची क्षमता २ अँपिअर आहे. मोटार चालताना ०.८ अँपिअर घेते, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. सुरू होताना, अथवा कचरा अडकून थांबली असता, ती कितीतरी अधिक प्रवाह ओढते. तो जाणण्यासाठी मोटार सोडवून, तिचा दांडा किंचित फिरवीत, दोन तारांमधील रोध मल्टिमीटरने दोन-तीन वेळा मोजावा. सर्वांत लहान अंकाने बॅटरीच्या व्होल्टना भागावे. रोध ३ ओम भरल्यास १२ भागिले ३, म्हणजे ४ अँपिअर. अशा मोटारीस एल-२९८ पुरणार नाही. सतत ५ अँपिअर वा अधिक पेलणारा ड्रायव्हर घ्यावा. विक्रेता सांगतो ती क्षमता सततची की क्षणिक, हेही विचारून घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात पुढील तीन गोष्टी अवश्य दाखवाव्यात :

(१) मोटारीस वीज बॅटरीतून द्यावी. बोर्डाच्या ५ व्होल्टच्या टोकातून देऊ नये.

(२) बॅटरी, ड्रायव्हर व बोर्ड यांची ऋण टोके एकत्र जोडावीत.

(३) बॅटरीच्या धन तारेत, ड्रायव्हरच्या सततच्या क्षमतेहून मोठा नसलेला फ्यूज घालावा.

ही मोजणी दोन मिनिटांची आहे. ती टाळल्यास बोर्ड तर जातोच, परंतु रोपांचा हंगामही हातचा जातो.