एकहाती संगणकखेळ-निर्मिती : श्रम आणि निर्णय

संगणकावरील खेळ ही अनेक कलांच्या संयोगातून सिद्ध होणारी कृती होय. नियमांची आखणी, आज्ञावलीचे लेखन, चित्रांकन, हालचालींचे रेखाटन, ध्वनी, संगीत आणि कथानक ही तिची अंगे परस्परांहून भिन्न आहेत व प्रत्येकासाठी लागणारे कौशल्यही वेगळे आहे. म्हणूनच मोठ्या संस्थांतून ही कामे शेकडो व्यक्तींमध्ये वाटून दिलेली असतात. तथापि एकाच व्यक्तीने ही सर्व अंगे सांभाळून खेळ तयार करण्याची परंपराही या क्षेत्रात आरंभापासून चालत आली आहे. अशा निर्मितीतील अडचण म्हणजे केवळ कामाचा डोंगर, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. श्रमांचा भार वेळ देऊन उचलता येतो. परंतु आपल्याच कृतीकडे परक्याच्या दृष्टीने पाहण्याची शक्ती वेळ देऊन मिळत नाही. उलट जसजसा काळ लोटतो, तसतशी ती क्षीण होत जाते.

या विधानाच्या स्पष्टीकरणार्थ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळाचे उदाहरण उपयुक्त ठरेल. अमेरिकेतील जॉर्डन मेकनर यांनी येल विद्यापीठात शिकत असतानाच ‘कराटेका’ हा खेळ रचला होता व तो १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी त्यांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’स हात घातला. तो पूर्ण होऊन ब्रॉडरबंड या संस्थेकडून १९८९ मध्ये बाहेर पडला. या काळात त्यांनी लिहिलेली दैनंदिनी पुढे ग्रंथरूपाने उपलब्ध झाल्यामुळे निर्मितीच्या प्रत्येक टप्प्याचा मागोवा घेता येतो.

श्रमांचे स्वरूप प्रथम पाहू. नायकाच्या हालचाली जिवंत वाटाव्यात म्हणून मेकनर यांनी आपल्या भावाला धावावयास व उड्या मारावयास लावून त्याचे चित्रण केले. मग दूरदर्शन-संचाच्या पडद्यावरील एकेका स्थिर चित्राचे छायाचित्र घेऊन, त्यातील आकृती हाताने ठळक करून ती संगणकात उतरविली. तलवारबाजीसाठी १९३८ च्या रॉबिन हुडवरील चित्रपटातील द्वंद्वाचा आधार घेण्यात आला. हे काम अत्यंत किचकट होते, परंतु त्याची दिशा निश्चित होती. चिकाटी असली की ते पार पडत असे.

खरी अडचण निराळ्या ठिकाणी होती. मूळ आराखड्यात लढाईस स्थान नव्हते. सापळे व कोडी यांवरच सारा भर होता. खेळ तांत्रिक दृष्ट्या उत्कृष्ट होत होता, पण खेळणाऱ्यास गुंतवून ठेवीत नव्हता. ही उणीव ब्रॉडरबंडच्या कार्यालयात वावरणाऱ्या टॉमी पिअर्स यांनी ओळखली व खेळात लढत हवी असा आग्रह त्यांनी वारंवार धरला. मेकनर यांची सबब बिनतोड होती. खेळ ‘अ‍ॅपल टू’ संगणकासाठी होता. त्यास १२८ किलोबाइट स्मृती पुरवावी लागे आणि तिचा मोठा भाग नायकाच्या हालचालींनीच व्यापलेला होता. दुसऱ्या पात्रासाठी जागाच उरली नव्हती.

यातून निघालेला मार्ग लक्षणीय आहे. नायकाचीच चित्रे घेऊन, त्यांतील प्रत्येक चित्र एका बिटने सरकवून मूळ चित्राशी तार्किक क्रियेने जोडले असता एक झगमगती छायाकृती मिळते व तिला नव्या चित्रांची स्मृती लागत नाही. अशा रीतीने ‘छायापुरुष’ जन्मास आला. नायक आरशातून उडी घेताच तो बाहेर पडतो व पुढे जागोजागी नायकाची अडवणूक करतो. त्याच्यावर केलेला प्रत्येक वार नायकासच लागतो; तलवार म्यान केली तरच दोघे एकरूप होतात. खेळातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग अशा प्रकारे स्मृतीच्या दारिद्र्यातून निर्माण झाला. त्याचा परिणाम पाहून पहारेकऱ्यांसाठीही जागा काढण्यात आली. येथे हे ध्यानात ठेवावयास हवे की उपाय निर्मात्याचा असला, तरी उणिवेचे निदान दुसऱ्याचे होते.

नाटकाच्या तालमीत दिग्दर्शक प्रेक्षागृहात जाऊन बसतो, त्याचे कारण हेच. रंगमंचावर उभा असलेला नट स्वतःला पाहू शकत नाही. एकट्या खेळकर्त्यास मात्र रंगमंच आणि प्रेक्षागृह अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी असावे लागते. प्रत्येक सापळा त्याने स्वतः मांडलेला असल्यामुळे कोणता अवघड व कोणता कंटाळवाणा, हे त्याला अनुभवाने कळू शकत नाही.

एरिक बॅरोन यांच्या ‘स्टारड्यू व्हॅली’त याच अडचणीची दुसरी बाजू दिसते. शेतीजीवनावरील या खेळाची आज्ञावली, चित्रे, संगीत व संवाद हे सर्व त्यांनी सुमारे साडेचार वर्षे खपून एकट्याने सिद्ध केले आणि तो फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जसजसा हात सुधारत गेला, तसतशी आधीची चित्रे त्यांना सदोष वाटू लागली व ती पुनःपुन्हा काढावी लागली. काम कोठे थांबवावे हे सांगणारा दुसरा कोणी नसला की सुधारणेस अंत राहत नाही. या अवधीत उदरनिर्वाहाची चिंताही टळत नाही; बॅरोन यांनी नाट्यगृहात अर्धवेळ नोकरी केली व जोडीदाराच्या मिळकतीचा आधार घेतला.

दीर्घ कालावधीचा आणखी एक धोका आहे. १९८९ पर्यंत ‘अ‍ॅपल टू’चा काळ ओसरत आला होता, त्यामुळे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची आरंभीची विक्री निराशाजनक ठरली. अन्य संगणकांसाठी त्याची रूपांतरे झाल्यावरच त्यास जगभर कीर्ती लाभली. चार वर्षांचे काम केवळ यंत्र जुने झाल्यामुळे वाया जाण्याची वेळ आली होती.

सारांश, ‘एकहाती’ ही संज्ञा सापेक्ष आहे. मेकनर यांच्या खेळातील हालचाली भावाच्या होत्या, संगीत वडिलांचे होते आणि निर्णायक सूचना एका परिचित व्यक्तीची होती. निर्णयाचा अधिकार मात्र अखेरपर्यंत एकाच्याच हाती राहिला. असा अधिकार स्वतःकडे ठेवावयाचा आणि परक्या दृष्टीस मात्र दार उघडे ठेवावयाचे, हा तोल साधणे ही एकट्या निर्मात्याची खरी कसोटी होय.