परतीचे दोर

४ फेब्रुवारी १६७०ची रात्र. कोंढाण्यावर तानाजी पडले, मावळे मागे फिरले, आणि सूर्याजी ओरडले की परतीचे दोर मी केव्हाच कापून टाकलेत! चौथीच्या इतिहासात आपण सगळ्यांनी हे वाचलंय. तेव्हापासून "परतीचे दोर कापणे" हा वाक्प्रचार मराठीत असा काही बसलाय की माझ्या पप्पांनी तो माझ्या मेकॅनिकलच्या ॲडमिशनच्या दिवशीसुद्धा वापरला.

पण मित्रांनो, या गोष्टीत आपण एक साधी बाब विसरतो. कापायला मावळ्यांकडे दोर होते! घोरपडीची कथा खरी की दंतकथा, हा वाद इतिहासकार घालत बसोत. पण सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वाढलेली ती माणसंसुद्धा कडा चढायला दोर घेऊन गेली, असंच ती कथा सांगते.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेलं वर्षभर आमच्या क्लाइंबिंगच्या ग्रुपमध्ये एकच चर्चा चालू आहे: दोराशिवाय चढावं की नाही? आणि चढणारा पडला, तर बाकीच्यांनी काय करावं? मी कॉन्व्हेंटची असल्यामुळे माझ्या मराठीत इंग्लिश शब्द डोकावणार, तेवढं सांभाळून घ्या.

आधी थोडी डेफिनिशन्स

क्लाइंबिंग म्हटलं की नातेवाईक सगळं एकाच पोत्यात भरतात. "फ्री क्लाइंबिंग" म्हणजे दोराशिवाय, असं तर पेपरवालेसुद्धा बिनधास्त लिहितात. ते चूक आहे. फ्री क्लाइंबिंगमध्ये दोर असतो, फक्त तो वर ओढून घ्यायला वापरायचा नाही. चढायचं स्वतःच्या हातापायांनी, दोर पडलो तर झेलायला.

"बोल्डरिंग"मध्ये दोर नसतो, पण उंची कमी असते, खाली जाड क्रॅश पॅड असतं आणि मागे मित्र हात पुढे करून उभे असतात. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगचा वर्ल्ड कप झाला, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

"फ्री सोलो" हा खरा बिनदोराचा प्रकार. उंच कडा, एकटा माणूस, दोर नाही, पॅड नाही. अमेरिकेच्या ॲलेक्स होनोल्डने ३ जून २०१७ला योसेमिटीमधला एल कॅपिटन हा सुमारे ९०० मीटरचा कडा असाच चढला, चार तासांच्या आत. त्यावरच्या "फ्री सोलो" या फिल्मला २०१९मध्ये ऑस्कर मिळालं आणि हॉस्टेलच्या प्रत्येक लॅपटॉपवर ती पोचली. पण त्याच फिल्ममध्ये हेही आहे की तो मार्ग त्याने आधी दोर लावून पुन्हा पुन्हा घासला होता, आणि २०१६मध्ये मनासारखं वाटेना म्हणून तो चढाई अर्धवट सोडून परत फिरला होता. हा भाग मात्र कोणी स्टेटसला ठेवत नाही!

आणि चौथा प्रकार आपल्या सह्याद्रीचा. दोर सॅकमध्ये आहे, पण "एवढ्यासाठी कशाला काढायचा" म्हणून काढला नाही. कलावंतिणीच्या पायऱ्या, हरिहरचा जिना, एखादा घसाऱ्याचा ट्रॅव्हर्स... याला कोणी फ्री सोलो म्हणत नाही. पण पडणाऱ्याला ग्रॅव्हिटी नाव विचारत नाही.

आता थोडं फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स

समजा ६० किलोचा माणूस ७ मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या आसपासून पडला. जमिनीला टेकायला वेळ लागतो सुमारे १.२ सेकंद. "अगं पडला!" एवढं म्हणेपर्यंत संपलं. वेग होतो ताशी ४२ किलोमीटर, म्हणजे आपल्या निगडी-दापोडी रोडवर आरामात चाललेली स्कूटी. एनर्जी सुमारे ४१०० जूल.

ही एनर्जी कुठेतरी जायला हवी. डायनॅमिक दोर असेल तर तो ताणला जातो, हार्नेस आवळतो, बिले देणारा जरा पुढे खेचला जातो. थांबायला दीड मीटर मिळाला असं धरलं तर सरासरी बळ येतं ३ किलोन्यूटनच्या जरा वर. दोर नसेल आणि शरीर १० सेंटीमीटरमध्ये थांबलं, तर तेच बळ ४० किलोन्यूटनच्या वर जातं. आपल्या कॅरॅबिनरवर साधारण २० किलोन्यूटनचा आकडा कोरलेला असतो. जे बळ कॅरॅबिनरला झेपणार नाही, ते घोट्याच्या आणि मणक्याच्या हाडांनी झेलायचं!

म्हणजे दोराचं काम नुसतं धरून ठेवण्याचं नाही. तो आपल्याला थांबायला अंतर देतो. म्हणून तर क्लाइंबिंगचा दोर ताणला जाणारा असतो, आणि म्हणूनच गावातला नायलॉनचा दोर कमरेला बांधून चढणं हा दोर असूनही नसल्यासारखाच प्रकार.

त्यात आपला दगड बेसॉल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेला. एक थर लोखंडासारखा, तर त्याच्या वरचा हाताने निघणारा. पावसाळ्यात शेवाळ, उन्हाळ्यात सुटे धोंडे. काल धरलेला होल्ड आज असेलच, ही गॅरंटी होनोल्डच्या ग्रॅनाइटपेक्षा इथे बरीच कमी.

दादाचं एफएमईए

आमच्या ग्रुपमधला एक दादा (नाव नको, त्यानेच सांगितलंय) चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मला पहिली फिगर-ऑफ-एट गाठ त्यानेच शिकवली. लोणावळ्याच्या बाजूच्या एका छोट्या कातळावर, जो मार्ग त्याने पन्नासेक वेळा केला असेल त्याच मार्गावर, वॉर्म-अप म्हणून तो दोराशिवाय चढला आणि सात मीटरवरून खाली आला. होल्ड तुटला. टाच चुरली, कमरेचा एक मणका दबला. वाचला, चालतोही आता. पण तेव्हा स्ट्रेचर येईपर्यंतचा दीड तास आम्ही त्याचं डोकं आणि मान हलू न देता धरून बसलो होतो, आणि तो आम्हाला मधूनमधून विचारत होता, "पाय हलतोय का गं माझा?"

त्यानंतर आमच्या ग्रुपचे तीन तुकडे झाले. एक म्हणाले, "बंद! यापुढे बिनदोराचा दिसला की ग्रुपमधून बाहेर." दुसरे म्हणाले, "त्याचं आयुष्य, त्याची मर्जी, आपण कोण?" तिसरे गप्प बसले. मला विचाराल तर ते तिसरे सगळ्यात धोकादायक, कारण अपघातानंतरच्या गप्पपणातून पुढच्या मुलाला काहीच शिकायला मिळत नाही. आईने तर एकच प्रश्न विचारला, "तुला दोर असतो ना?" मी "असतो" म्हणाले. खरंच असतो. पण तिचा चेहरा बघून कळलं की हा प्रश्न ती आता दर रविवारी पहाटे, मी लोकल पकडायला निघाले की विचारणार.

मार्ग काढला तो दादानेच. हॉस्पिटलमध्ये पाठीवर पडल्या पडल्या म्हणाला, "माझं एफएमईए करा." भोसरी-चाकणमध्ये इंटर्नशिप केलेल्यांना हे पत्रक पाठच असेल. बिघाड किती गंभीर (सिव्हिअ‍ॅरिटी), किती वेळा होईल (ऑकरन्स), आणि आधी पकडता येईल का (डिटेक्शन), तिघांना १ ते १० मार्क द्यायचे आणि गुणाकार करायचा. आम्ही केला. गंभीरपणा १०. पन्नास वेळा केलेला मार्ग, म्हणून ऑकरन्स २. चांगला दगड ओळखतो, म्हणून डिटेक्शन २. गुणाकार ४०. मग दोर लावून चढताना गुडघा खरचटण्याचं केलं: ४, ५, ४... गुणाकार ८०! कागदावर गुडघा खरचटणं हे मणका मोडण्याच्या दुप्पट महत्त्वाचं ठरलं.

दादा हसला आणि म्हणाला, "बघा, मी हाच हिशोब मनात करत होतो." वाहन उद्योगालाही ही खोट कळलेली आहे. २०१९मध्ये अमेरिकेच्या एआयएजी आणि जर्मनीच्या व्हीडीए या संघटनांनी मिळून जे नवीन हँडबुक काढलं, त्यात नुसता गुणाकार काढून टाकला आणि गंभीरपणाला पहिला मान दिला. ज्या बिघाडात माणसाचा जीव जाऊ शकतो, त्याला "क्वचित होतो" म्हणून सोडून देता येत नाही.

आणि "क्वचित"चा दुसरा हिशोब. समजा एका चढाईत पडण्याची शक्यता हजारात एक आहे. एकदा चढलात तर काहीच नाही. शंभर वेळा चढलात तर साडेनऊ टक्के. पाचशे वेळा, तर जवळजवळ चाळीस टक्के! कौशल्याने हा हजाराचा आकडा मोठा होतो, पण अनंत होत नाही. जॉन बाकर हा त्याच्या काळातला अफाट फ्री सोलोइस्ट. १९८१मध्ये त्याने जाहीर केलं होतं की दिवसभर माझ्यामागून दोराशिवाय चढून दाखवेल त्याला दहा हजार डॉलर. कोणी पुढे आलं नाही. जुलै २००९मध्ये, कॅलिफोर्नियात, एकटा सोलो करतानाच तो पडून गेला.

अनुभवी माणसं आणि आपण

आपल्याकडे अशा बातम्या आल्या की सोशल मीडियावर पहिली कॉमेंट ठरलेली: "हौशी पोरं, अक्कल नाही." पण जानेवारी २०२०मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दोर लावून उतरण्याच्या मोहिमेत जे गेले, ते अरुण सावंत साठीचे, महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ गिर्यारोहकांपैकी एक होते. शनिवारी १८ तारखेला ते बेपत्ता झाले, दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह मिळाला. फेब्रुवारी २०२२मध्ये मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीवरून उतरताना नगरच्या ग्रुपमधले दोघं गेले. या मोहिमांमध्ये दोर होते, सामान होतं, अनुभव होता. मग ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनी कशाच्या जोरावर निघायचं?

या कम्युनिटीची दुसरी बाजूही सांगायला हवी. असं काही झालं की बिनपगारी, स्वतःच्या पेट्रोलने धावणारी माणसं हीच असतात. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, पायथ्याच्या गावातले लोक. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ आहे. २०१६पासून रेस्क्यूचं समन्वय केंद्र आहे, म्हणजे एक फोन केला की जवळची टीम निघते. सरकारनेही २०१८मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेबद्दल शासन निर्णय काढला आणि २०२१मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. पण रेस्क्यू टीम तुम्ही पडल्यानंतर येते, आणि नियम बहुतेक आयोजकांना लागू होतात. रविवारी सकाळी कातळाखाली उभ्या असलेल्या चार मित्रांमध्ये कोणता जीआर पोचणार?

आम्ही काय ठरवलं

म्हणून आम्ही आमच्यापुरतं ठरवलं. बंदी घातली नाही, कारण बंदी घातली की मुलं एकटी जाऊन चढतात, आणि मग स्ट्रेचर आणायलाही कोणी नसतं. पण या गोष्टी लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या:

१. वॉर्म-अपसुद्धा दोरावर, किंवा पॅड असेल तर बोल्डरिंगच्या उंचीपर्यंतच.
२. कड्याच्या काठावर अँकर लावणारा आणि सगळ्यात शेवटी उतरणारा, हे दोघं आधी स्वतः क्लिप होणार. ते इतरांची सोय बघत असतात, म्हणून त्यांच्याकडे बाकीच्यांनी बघायचं.
३. निघण्याआधी एकमेकांची गाठ, हार्नेस, हेल्मेट तपासायचं. सीनियर असला तरी! "दादा, गाठ दाखव" म्हणण्यात अपमान नाही.
४. बिनदोराचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. टाकले तर कोणी "भारी!" म्हणायचं नाही.
५. थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची वही ठेवायची. कोण चुकलं हे लिहायचं नाही, काय झालं ते लिहायचं.
६. कुठे चाललोय आणि कधी परतणार, हे घरी एकाला तरी माहीत हवं. अडचण आली तर ११२.

चौथ्या कलमावर सगळ्यात जास्त भांडण झालं. एकजण म्हणाला, "मग धाडसाचं कौतुकच करायचं नाही का?" उत्तर मला आपल्याच गोष्टीत सापडलं. रायगडाची हिरकणी! दरवाजे बंद झालेले, घरी तान्हं बाळ, आणि ती बाई अंधारात कडा उतरून गेली, दोराशिवाय. महाराजांनी तिला साडी-चोळी देऊन गौरवलं, आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधून घेतला, असं ती कथा सांगते. कौतुकही केलं आणि ती वाट बंदही केली. दोन्ही एकाच वेळी!

हिरकणीकडे कारण होतं, सूर्याजींसमोर लढाई होती. आपल्यासमोर रविवार आहे, आणि सोमवारी सबमिशन. दादा येत्या हिवाळ्यात पुन्हा कातळावर येणार आहे, डॉक्टरांनी हो म्हटलं तर. बिले मी देणार आहे, आणि त्याची गाठ तपासणारी पण मीच! तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर जरूर या. हार्नेस आमच्याकडे जास्तीचे आहेत. परतीचे दोर मात्र कोणी कापायचे नाहीत.